पाचवा पास

१० सप्टेंबर

बुटके,

शनिवारी दुपारी आपण दोघी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचो. शाळेच्या बास्केटबॉलचा तो चामड्याचा जड चेंडू तू मांडीत घट्ट दाबून धरायचीस आणि मी त्याची वादी ओढून गाठ मारायची. बाकीच्या शाळा तेव्हा रबरी चेंडूने खेळायला लागल्या होत्या, पण आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरना रबर म्हणजे थिल्लरपणा वाटायचा. मग बाबांच्या फाटक्या बनियनचा बोळा तेलात बुडवून तू चेंडूला चोळत बसायचीस, तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालावं तशी. "ताई, वादी बोटांना टोचते गं," तू म्हणायचीस. मी म्हणायची, "टोचू दे. चेंडू कुठून धरलाय ते न बघता कळलं पाहिजे." तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होते, पण शहाणपणा दोनशे वर्षांचा.

एकोणीस वर्षांनी पत्र लिहितेय ते या आठवणी काढायला नव्हे. तुझी लेक आपल्याच शाळेत, माझ्या हाताखाली, खेळाची बाई म्हणून आली आहे. तू पाठवलीस का?

अर्जावरचं आडनाव तुझ्या सासरचं, दर दुसऱ्या घरात असतं तसलं, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. मुलाखतीनंतर प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, जरा ग्राउंडवर जाऊन हिचा हात बघा. तिने चेंडू घेतला, दोनदा आपटला, उडी मारली आणि हवेतूनच एका हाताने टाकला. उजवं कोपर किंचित बाहेर. बुटके, जगात एकाच मुलीचं कोपर तसं बाहेर यायचं. मी चहाचा कप खाली ठेवला.

ती सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, मी—"

"ग्राउंडवर मॅडम म्हणायचं."

"आणि ग्राउंडबाहेर?"

"ग्राउंडबाहेर आपली ओळख नाही."

हसली. वरच्या दातांनी खालचा ओठ दाबून हसते, तुझ्यासारखीच.

आता कामाचं. तिला एक वर्षासाठी तात्पुरती घेतली आहे. मार्चअखेर मी निवृत्त होते, आणि माझी जागा तिला कायमची द्यायची की नाही यावर माझा गोपनीय अहवाल जायचा आहे. कागदावर शेवटी दोनच चौकोन आहेत: योग्य, अयोग्य. एकात खूण करायची. मी नातं बघणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून बोल नको.

ताई

७ ऑक्टोबर

बुटके,

तुझं उत्तर मिळालं. "मी तिला पाठवलं नाही. जाऊ नकोस म्हणून तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिने ऐकलं नाही. तू तुझं काम कर." चार वाक्यं. समास मात्र अजून डावीकडे दोन बोटं सोडतेस. सिस्टरांनी हाडात मुरवलेलं जात नाही.

काम करतेच आहे. ऐक तुझ्या लेकीचं कर्तृत्व.

तिच्या पोरी पास देत नाहीत. चेंडू हातात आला की आधी तो आपटतात, पायांच्या मधून काढतात, पाठीमागून फिरवतात, समोरच्या मुलीला भोवळ आणतात, स्वतःलाही आणतात. मग मागे उडी मारतात. मागे! बास्केट पुढे आणि उडी मागे. तिथून भिरकावतात. पडला तर तीन बोटं कपाळाला लावून मिरवतात, नाही पडला तरी लावतात, कारण तोवर सवय झालेली असते. तीन पॉइंटची रेघ आली तेव्हाच हा खेळ अर्धा मेला होता. जी बिचारी धक्के खात, ढोपरं फोडून घेत बास्केटखाली पोचते तिला दोन, आणि लांबून धोंडा मारणारीला तीन. असा न्याय लहान पोरांच्या विटीदांडूतही नसतो.

आणि आपण? पाच पास झाल्याशिवाय बास्केटकडे मान वर करायची नाही. बाकावरच्या मुली मोठ्याने मोजायच्या, एक! दोन! तीन! चौथ्याला आवाज चढायचा, आणि पाचवा पास बास्केटखाली माझ्या हातात, कारण मी उंच. दोन्ही हातांनी, छातीपासून, फळीवरच्या चौकोनाला अलगद टेकवून. घड्यांचा स्कर्ट हलायचासुद्धा नाही. त्याला खेळ म्हणतात. आता चालतं ते वेडाचे झटके.

तूही तशीच होतीस म्हणा. पहिल्यांदा एका हाताने चेंडू टाकलास तेव्हा सिस्टरनी विचारलं, "प्रार्थना एका हाताने करतेस का?" आणि तू म्हणालीस, "नाही सिस्टर. पण उत्तर येत असलं की एकच हात वर करते." ग्राउंडला सहा फेऱ्या. मी मोजल्या होत्या.

ताई

१८ नोव्हेंबर

बुटके,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते. बरं असतं एका परीने, कुणी मधे बोलत नाही.

चौतीस वर्षं मी या ग्राउंडवर मुलींना बिघडताना बघितलं. माझ्या पहिल्या मुली चेंडू जरा जोरात दिला गेला तर "सॉरी हं" म्हणायच्या. मग घरोघरी टीव्हीवर परदेशी सामने दिसायला लागले, आणि प्रत्येकीला पाठीवर अमकाच नंबर हवा झाला. एका नंबरावरून दोघी मैत्रिणी वर्षभर बोलल्या नाहीत. त्यांच्या मागून आल्या त्या च्युइंगमवाल्या, गुडघ्याला पट्टे बांधून. दुखत काही नसायचं, पट्टा शोभायचा. आणि आताच्या या. टाकलेला चेंडू खाली यायच्या आत मोबाइल कुणी धरलाय ते बघतात.

तीन पॉइंटची कमान आमच्या ग्राउंडवर पहिल्यांदा आखली ती चुनाकाकांनी. ग्राउंडच्या रेघा तेच मारतात, म्हणून ते चुनाकाका. बास्केटखाली खिळा ठोकून, त्याला दोरी बांधून वळसा घेतला आणि मला विचारलं, "बाई, ही रेघ कशासाठी?" मी म्हटलं, "आळशांसाठी." तेव्हापासून ते तिला आळशांची रेघच म्हणतात. परवा तुझी लेक त्यांना म्हणाली, "काका, आळशांची रेघ पुसट झालीय, जरा ठळक करा." दोघं खो-खो हसले. विनोद माझा, आणि मलाच त्यात घेतलं नाही.

पण खरा राग वेगळाच आहे. आमच्याकडे नववीत एक मुलगी आहे, सहा फुटांना दोन बोटं कमी. सगळे शिडी म्हणतात. लाजाळू, खांदे पाडून चालते, दारातून जाताना गरज नसताना वाकते. तीन वर्षं मी तिला बास्केटखाली उभं राहायला शिकवलं. जरा बाहेर सरकली की मी ओरडायची, "आत!" आणि ती आत. माझ्या आवाजाला अशी बांधली गेली आहे की मैदानात तिला मान वळवून बघावं लागत नाही. या तुझ्या लेकीने तिला उचलून पार कोपऱ्यात, कमानीबाहेर नेऊन उभी केली.

मी विचारलं, "हा उंट बाहेर कशाला बांधलास?"

"मॅडम, तिला धरायला त्यांची उंच मुलगी बाहेर येते. मग आत रान मोकळं."

"आणि नाही आली तर?"

"तर शिडी तिथूनच टाकेल. तिचा हात बघितलात का तुम्ही?"

"मी तिची उंची बघितली. देवाने दिलीय ती बास्केटजवळ उभं राहायला."

"देवाने तिला विचारलं नव्हतं, मॅडम. मी विचारलं."

तोंड कुणावर गेलंय ते मी सांगायला नको.

नंतर शिडीने कोपऱ्यातून दहा चेंडू टाकले. मी काही मोजत नव्हते. सात पडले. पडला की तिचे खांदे वर यायचे, एवढं मात्र दिसलं.

अहवालाचा कच्चा मसुदा तयार आहे. "शिस्त शिकवत नाही. नियमांचा आदर नाही. ज्येष्ठांचं ऐकत नाही." खाली अयोग्य. पेन्सिलीने केलंय अजून.

ताई

२ फेब्रुवारी

बुटके,

तुझ्या लेकीने खेळाच्या खोलीतलं जुनं कपाट उपसलं. म्हणे धूळ फार झाली होती. धुळीत बरंच काही असतं म्हणून लोक ती झटकत नाहीत, हे या पिढीला कुणी सांगायचं? सिस्टरांची स्कोअरची वही निघाली, निळ्या पुठ्ठ्याची. आपली फायनल तीत आहे. तुझ्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्या सुरेख तिरक्या अक्षरात: "जागेवर नव्हती. पुढे विचार करू नये."

वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, आई जागेवर नव्हती, मग कुठे होती?"

फायनलच्या त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तू हेच विचारलं होतंस. बूटसुद्धा काढले नव्हतेस. "मी कुठे होते, ताई?" मी तुला दिलं तेच उत्तर तिला दिलं. "मला काय माहीत, मी चेंडू बघत होते."

हे बघ, तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. आपण एका पॉइंटने मागे होतो, काही सेकंद उरले होते, चेंडू माझ्याकडे होता आणि तू "ताई! ताई!" ओरडत होतीस. पण तीनच पास झाले होते. तुला दिला असता तर तू तिथूनच टाकला असतास, चौथ्यावरच. मी नियमाने मधल्या मुलीला दिला, तिने मला परत दिला, पाच झाले, आणि माझे हात वर जायच्या आत शिट्टी झाली. नियम पाळून हरण्यात लाज कसली? पुढे निवड शिबिराला सिस्टरनी तुझं नाव पाठवलं नाही, माझं पाठवलं. तो त्यांचा निर्णय. तू खेळ सोडलास, तो तुझा. बाबा गेले त्या आठवड्यात दारात उभी राहून म्हणालीस, "तू आयुष्यभर पाचवा पासच घेत आलीस, ताई," आणि गेलीस, तोही तुझाच.

तुझ्या लेकीने वही मिटली. म्हणाली, "आईने कधीच सांगितलं नाही की ती खेळायची. मला तर वाटायचं हे कोपर माझं स्वतःचं आहे."

ताई

१ मार्च

बुटके,

फायनल हरलो. दोन पॉइंटने.

हे होणारच होतं. सबंध सामनाभर भिरकाभिरकी. समोरचा संघही तसाच, म्हणजे दहा मुली आणि दोन बास्केटांवर दगडफेक. आमच्या वेळी आख्ख्या दिवसाच्या सामन्यांत जेवढे नेम चुकायचे तेवढे यांनी पहिल्या दहा मिनिटांत चुकवले. पालक जागेवरून उठून नाचत होते. एका आईने तर माझ्या पायावर नाचून घेतलं.

शेवटचे आठ सेकंद. दोन पॉइंटने मागे. तुझ्या लेकीने मुलींना जवळ घेऊन आखणी सांगितली: शिडी कोपऱ्यात, चेंडू तिला. एक तीनचा पडला की सामना आपला. आणि खरंच, शिडी कोपऱ्यात एकटी होती. तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही. कोण एवढ्या उंच मुलीला कमानीबाहेर धरायला जातंय? पास सुटला, आणि नेमक्या त्याच क्षणी शिडी जागा सोडून आत धावली. का धावली देव जाणे. चेंडू रिकाम्या कोपऱ्यातून सरळ बाहेर, पाण्याच्या पिंपावर आदळला.

प्रिन्सिपल बाई तरातरा खाली आल्या. "ती मुलगी जागेवर का नव्हती?"

शिडी रडत होती. तुझी लेक पुढे झाली. "माझी चूक, मॅडम. मी तिला नीट सांगितलं नव्हतं."

मी बाकाच्या टोकाला होते. हातात पाण्याची बाटली होती.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "तुमचं काम सोपं झालं बघा. अयोग्य लिहा आणि मोकळ्या व्हा." परवापर्यंत अहवाल द्यायचा आहे.

ताई

४ मार्च

बुटके,

मागच्या पत्रात लिहिलं, का धावली देव जाणे. देवाला मधे घ्यायचं काही कारण नव्हतं. मी ओरडले होते.

"आत!" एकच शब्द. ठरवून नाही ओरडले, शपथेवर सांगते. शिडी बाहेर उभी दिसली आणि तीन वर्षांची सवय घशातून निघाली. तिला कानांनी आत ओढलं, डोक्याने नाही. आणि तुझ्या लेकीला सगळं कळलं होतं, ती माझ्यापासून चार हातांवर होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि "माझी चूक" म्हणाली. मी बाटलीचं झाकण लावत राहिले. झाकण लावलेलंच होतं.

दोन दिवस मी नव्या खेळाला शिव्या घालून बघितल्या. काही उपयोग होईना. मग निळी वही काढली.

बुटके, तू जागेवर होतीस. उजव्या कोपऱ्यात, रेषेच्या एक हात आत, एकटी. सहा-सात पावलांत कुणी नव्हतं. डाव्या मोज्याची घडी उतरलेली होती. मी चेंडू बघत नव्हते, तुला बघत होते. आणि पासांची मोजणीही बघत नव्हते, तो बहाणा मागाहून सुचला. मला एवढंच दिसलं की तुला दिला तर तू टाकणार, आणि तो पडणार, एका हाताने, आणि मग उद्यापासून पाचवा पास कुणाला लागणार? उंच मुलीला कोण विचारणार?

सिस्टरनी खोलीत बोलावून विचारलं, "तुझी बहीण मोकळी होती असं मला वाटलं." मी म्हटलं, "नाही सिस्टर. ती जागेवर नव्हती." त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. टीपकागद मी ठेवला त्या ओळीवर. शाई फाकू नये म्हणून.

सगळ्या पिढ्यांची मी टर उडवली, पण त्या च्युइंगमवाल्या, नंबरवाल्या, मोबाइलवाल्या पोरींत मला एकही अशी आठवत नाही. मिरवायच्या, भांडायच्या, चेंडू सोडायच्या नाहीत. पण टीपकागद कुणी ठेवला नाही.

काल अहवाल दिला. योग्य. पेनने. आणि मागच्या बाजूला, फायनलमध्ये काय झालं ते. प्रिन्सिपल बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "तुम्ही ओरडलात? आम्हाला कसं ऐकू आलं नाही?"

"सगळ्या ग्राउंडने ऐकलं, मॅडम. तुम्ही फोनवर होतात."

"पण लेखी कशाला? उगाच शेवटच्या महिन्यात तुमच्या नावाला—"

"लेखी चुकलं की लेखीच दुरुस्त करावं लागतं. कॉन्व्हेंटची सवय आहे."

शिडीला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं की चूक माझी होती. आधी घाबरली, मग म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी नाही ऐकलं तर चालेल?" म्हटलं, चालेल. जाताना दारात वाकली नाही. चौकट अजून वीतभर वर होती.

तुझी लेक मात्र अजून मॅडमच म्हणते. मी ग्राउंडबाहेर गाठून म्हटलं, "इथे दुसरं काही म्हटलंस तरी चालेल." तर म्हणे, "बघू. सवय झालीय." घे! माझेच दात माझ्या घशात.

एकतीसला खेळाची खोली रिकामी करून द्यायची आहे. कुणाला काय ते इथे लिहून ठेवते. याची एक प्रत तुझ्या लेकीकडे आहे, पण ती धूळ झटकणारी, तिचा भरवसा नाही. तू लक्ष ठेव.

शिट्टी तुझ्या लेकीला. सिस्टरांची आहे, पितळी. आत वाटाण्याएवढी बुचाची गोळी आहे, ती हरवली तर नुसती हवा जाते. महिन्यातून एकदा पुसावी.

चुनाकाकांना खिळा आणि दोरी. दोरी त्यांचीच होती, मी चौतीस वर्षं वापरली. आळशांची रेघ यापुढे पांढऱ्याऐवजी पिवळी मारायची असली तर माझी हरकत नाही.

शिडीला माझे बूट होणार नाहीत, तिचा पाय मोठा. तिला माझा शिबिराचा बिल्ला द्यावा. कशाबद्दल मिळाला ते सांगू नये. मोठी झाली की मी सांगेन, असले तर.

ट्रॉफीच्या कपाटाची किल्ली प्रिन्सिपल बाईंना. खालच्या खणात झुरळं आहेत, हे सांगायची गरज नाही.

निळी वही तुला. उद्याच्या टपालाने पाठवतेय. तुझ्या नावापुढचा शेरा मी खोडला नाही, सिस्टरांचं अक्षर आहे. त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलंय: "जागेवर होती. मी दिला नाही." सही आणि तारीख घातली आहे. हवं त्याला दाखव. तुझ्या लेकीने आधीच वाचलंय.

राहता राहिला चामड्याचा चेंडू. कपाटाच्या वरच्या फळीवर होता, इतकी वर्षं मीच तिथे ठेवला होता. चामडं तडकलंय, हवा गेलीय, वादी सुटलीय. परवा एकटीने बांधायला बसले, पण तो मांडीत धरू की ओढू? दोन्ही एका माणसाला होत नाही. तो कुणालाही देऊ नये. माझ्या घरी, मागच्या दाराच्या पायरीवर ठेवला आहे. शनिवारी दुपारी मी असते.

ताई